बैल धावतो का?

स्मरणिकेसाठी लेख मागताना समितीने मला एक अट घातली होती. "शाळेच्या आठवणी सगळेच लिहिणार आहेत, तू काहीतरी अभ्यासाचं लिही." वर्गात मी कधी अभ्यासू म्हणून प्रसिद्ध नव्हते, त्यामुळे या विनंतीत थोडी थट्टा असावी. तरी प्रयत्न करते. पण सुरुवात शाळेतूनच करावी लागेल, कारण हा प्रश्न मला तिथेच पहिल्यांदा पडला.

आठवीतला, म्हणजे १९९४च्या जानेवारीतला तो दिवस अनेकांना आठवत असेल. नसेल, तर त्या दिवशी तुम्ही गैरहजर होता. जवळच्या गावात शंकरपट होता आणि निम्म्याहून जास्त वर्ग तिकडे पळाला होता. गणिताचे सर आले, त्यांनी रिकाम्या बाकांकडे पाहिलं, हजेरी न घेताच फळ्याकडे वळले आणि उदाहरण लिहिलं : 'पटाच्या जोडीने ३०० फूट अंतर ९ सेकंदांत कापले. तर जोडीचा ताशी वेग किती?' उरलेल्या आम्ही मुलींनी फुटांचे मीटर केले, सेकंदांचे तास केले आणि उत्तर आलं साधारण ३६.६ किलोमीटर. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, बैल कुठं एवढा धावते का?" सर म्हणाले, "गणित बरोबर आहे. बैलाला विचारून ये."

पुढे २००९ साली बर्लिनमध्ये उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत पार केले, तेव्हा ऑफिसमध्ये बसल्या बसल्या मी त्याचा सरासरी वेग काढला. ताशी ३७.६ किलोमीटर. सरांची जोडी त्याच्या अगदी मागे होती, आणि तिच्या मानेवर जू होतं, मागे गाडी होती, गाडीत माणूस होता.

बाहेरगावी राहणाऱ्या आपल्या मुलांसाठी थोडं सांगते. पश्चिम महाराष्ट्रात बैलगाडा शर्यत म्हणतात, तिला विदर्भात शंकरपट किंवा नुसता 'पट' म्हणतात. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात, धानाची कापणी-मळणी आटोपली आणि बांध्या मोकळ्या झाल्या की पौष-माघात पट सुरू होतात. गावाबाहेर सरळ पट्टा साफ करतात, त्याला दाण म्हणतात. हलक्या छकड्याला दोन बैल, वर एक धुरकरी. पट सेकंदांवर चालतो. सेकंदाच्या पुढचे शंभरावे भाग म्हणजे 'पॉइंट'. आणि दिवसा पट असला की रात्री त्याच गावात नाटक. वडशाच्या नाटक कंपन्यांचा हंगाम मंडईपासून सुरू होतो आणि पटांच्या आधाराने होळीपर्यंत चालतो. आपल्याकडे 'आज अमक्या गावाला पट आहे' याचा अर्थ रात्री झोप नाही, असाच होता. पै-पाहुणे यायचे, लग्नाच्या गोष्टी निघायच्या, जोड्यांचे सौदे व्हायचे. विदर्भात सगळ्यात गाजलेला पट अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा. तिथे बायकाही जोड्या हाकतात. हे मला शाळेत असताना माहीत असतं, तर घरी वाद घालायला उपयोगी पडलं असतं.

आता मूळ प्रश्न. बैल हा धावणारा प्राणी आहे का? हा प्रश्न आपल्या वर्गाच्या मागच्या बाकावरून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तिथे त्याने बारा वर्षं घेतली.

११ जुलै २०११ रोजी केंद्राच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने एक अधिसूचना काढली. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यातील कलम २२ प्रमाणे काही प्राण्यांना खेळासाठी शिकवता येत नाही आणि त्यांचे खेळ दाखवता येत नाहीत. त्या यादीत तोवर अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह होते. २०११ साली तिच्यात बैलाची भर पडली. ताडोबाच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ही पंगत विचित्र वाटते. यादीतला वाघ ज्याला रात्री गोठ्यातून उचलून नेतो, तोच त्याच्या शेजारी मांडी घालून बसलेला.

मग ७ मे २०१४ रोजी न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तामिळनाडूतला जल्लिकट्टू आणि महाराष्ट्रातल्या बैलगाड्यांच्या शर्यती, दोन्ही बंद. निकालाचा एक आधार क्रूरतेचा होता, त्याकडे नंतर येते. दुसरा आधार शरीरशास्त्राचा होता : बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीची नाही, तो ओझं ओढणारा प्राणी आहे, आणि घाबरला की पळतो किंवा अंगावर येतो.

हा निकाल मी पुण्यात वाचला, तेव्हा मला राग आला होता. आज तो राग तेवढा उरला नाही, कारण शरीरशास्त्राची बाजू मी नंतर वाचली. घोडा एका खुरावर धावतो. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणजे तो दोन बोटांवर उभा असतो. घोड्याच्या प्लीहेत तांबड्या पेशींचा साठा असतो आणि पळताना तो रक्तात सोडला जातो, म्हणजे ऐनवेळी जास्तीचा प्राणवायू. घोडा घामाने अंग जितकं गार करतो तितकं बैलाला जमत नाही, जरी आपला वशिंडाचा बैल यात विलायती बैलापेक्षा पुष्कळ बरा. आणि बैलाच्या पोटात चार कप्पे. त्यातला सगळ्यात मोठा कप्पा चारा-पाण्याने भरलेलं पिंपच. पोटात पिंप घेऊन शर्यत कोण जिंकणार? कागदावर पाहिलं तर बैल धावपटू होणं अशक्यच.

पण इतिहास काढून पाहिला की हा अशक्य धावपटू ठिकठिकाणी धावताना दिसतो. १९७४ साली अहमदनगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादला एका शेतकऱ्याला जमिनीत चार जड धातूशिल्पं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि एक रथ. रथ साधारण ४५ सेंटीमीटर लांब, त्याला दोन बैल जुंपलेले, मागे माणूस उभा, दांडीवर कुत्रा. या शिल्पांच्या वयावरून अभ्यासकांत वाद आहेत, पण ती उत्तर हडप्पा काळातली असावीत असं मानणारे बरेच आहेत. त्या रथाचं चित्र शोधून जरूर बघा. त्यात धान्य भरायला जागाच नाही. एक माणूस उभा राहील एवढंच. म्हणजे ती बंडी नव्हे, आपल्या छकड्याची कुणीतरी पणजी. शर्यत होती असं मी म्हणत नाही, पण ओझं ओढणाऱ्या जनावराला कुणीतरी ओझ्याशिवाय जुंपलं होतं, एवढं नक्की.

घोडा तेव्हा नव्हता म्हणून बैल, असंही म्हणता येत नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला लोहयुगातल्या शिळावर्तुळांत घोडे पुरलेले सापडले आहेत, त्यांच्या तांब्याच्या अलंकारांसकट. विदर्भाला घोडा फार जुना माहीत आहे. तरी वाटचाल बैलांनीच झाली. वर्ध्याकडची गवळाऊ जात मराठ्यांच्या फौजांनी दुडक्या चालीच्या जलद वाहतुकीसाठी वापरली, अशी नोंद पशुवैद्यकाच्या पुस्तकांत मिळते. त्याहून गाजलेलं उदाहरण म्हैसूरच्या अमृतमहालचं. हैदर अलीने चिदंबरमच्या बचावासाठी अडीच दिवसांत १०० मैल मजल मारली ती याच बैलांच्या जोरावर, आणि पुढे वेलिंग्टनलाही त्यांची भुरळ पडली. तेव्हा 'बैल घोड्यासारखा नाही' हे खरं, पण 'बैल धावत नाही' हे खरं नाही. तो वेगळ्या तऱ्हेने धावतो. थोडं अंतर, किंवा लांब पण दुडकं.

आता आपल्या स्वतःच्या बैलाकडे येते, कारण पूर्व विदर्भाचा बैल वर सांगितलेल्यांपैकी कुठलाच नाही. आपला तो कठाणी. गडचिरोलीजवळून वाहणाऱ्या कठाणी नदीचंच नाव. आपण त्याला कठाणी म्हणत नव्हतो, नुसतं 'गावरान' म्हणायचो, आणि त्यात थोडी तुच्छता असायची. बुटका, आटोपशीर, खूर टणक, दूध म्हणाल तर नावापुरतं. पण आषाढात बांधीत गुडघाभर चिखल असताना जो दिवसभर चिखलणी करतो, तो हाच. उंच, देखणा खिल्लार त्या चिखलात आणून उभा करा, रोवणा बाजूला राहील आणि त्यालाच ओढून काढायला माणसं लागतील. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने गेल्या काही वर्षांत कठाणीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. शतकानुशतकं धान पिकवून झाल्यावर त्याला स्वतःचा नंबर मिळाला.

माझ्या मामाकडे असा एक होता. रंगाने करडा, एक शिंग जरा आत वळलेलं, नाव बुटक्या. मामाने त्याला पटात उतरवायचं ठरवलं तेव्हा गाव हसलं होतं. मोठ्या बक्षिसाच्या गटात बाहेरून आणलेले, बदाम-अंडी खाल्लेले बैल असायचे. गावगटात मात्र कुणीही उतरू शकायचं. मामाने दोन महिने बुटक्याला आणि त्याच्या जोडीदाराला पहाटे वैनगंगेच्या रेतीत चालवलं. उन्हाळ्यापासून चिखल तुडवलेले पाय, त्याला कोरडी कडक दाण म्हणजे काय वाटलं असेल कोण जाणे. जोडी गावगटात पहिली आली. बक्षीस काय होतं ते आठवत नाही, पण दुसऱ्याच दिवशी मामाच्या अंगणात बैल बघायला तीन गावचे लोक आले होते आणि जोडीची किंमत दुप्पट सांगितली जात होती, हे पक्कं आठवतं. मामाने विकली नाही. पुढच्या वर्षी बुटक्या दाणेच्या मधोमध थांबला, दोन्ही बाजूंच्या लोकांकडे शांतपणे पाहिलं आणि तिथेच शेण टाकलं. तो पुन्हा धावला नाही.

इथेच थांबले तर लेख गोड होईल. पण बुटक्या जिंकला त्या दिवशी मी दाणेच्या सुरुवातीच्या टोकाला उभी होते, आणि जोडी सुटायच्या आधी काय झालं ते पाहिलं होतं. एका माणसाने बैलाची शेपटी पिळली. दुसऱ्याने ती दातांनी चावली. तुतारीचा खिळा पुठ्ठ्यात गेला आणि लाल ठिपका उमटला. सगळे हसत होते, मीही हसले. रात्री मामा जखमेला हळद लावत बसला होता. मी विचारलं, त्याला धावायला आवडते का? मामा म्हणाला, "नाई बाई. त्याले भेव वाटते, म्हून धावते." आणि थोड्या वेळाने, "पोळ्याच्या दिवशी माफी मागून घेतो ना." खांदशेकणीला तो खरंच बराच वेळ त्या बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळत बसायचा.

२०१४चा निकाल पुन्हा वाचला तेव्हा शेपटी पिळणं, खिळ्याची काठी आणि भीतीने पळणं हे सगळं त्यात होतं. न्यायालयाला झाडीपट्टी माहीत नसेल, पण मामाने मला सांगितलं तेच त्यांनी लिहिलं होतं. निकालावर चिडणाऱ्या आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी तेव्हा हे लिहिलं नाही. आता लिहिते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. बंदी आल्यावर बैल सुखी झाले असं मात्र दिसलं नाही. मार्च २०१५ मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा विस्तार बैलांपर्यंत झाला. उतरत्या वयाच्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक उरलं नाही, आणि तरण्या बैलाची पटाची किंमतही गेली. त्याच वर्षांत ट्रॅक्टर आणि पॉवर टिलर बांधीत उतरले. राज्यातील गाय-बैलांची संख्या २०१२च्या पशुगणनेत सुमारे १ कोटी ५५ लाख होती, ती २०१९मध्ये १ कोटी ४० लाखांच्या आसपास आली. हे एकट्या पटबंदीमुळे झालं असं कुणी म्हणू नये, ते खोटं होईल. पण ज्या घरी एक जोडी हौसेखातर टिकून होती, त्या घरचा हिशेब बदलला. मामाने पुढची जोडी घेतलीच नाही. नाटकवाल्यांनाही तारखा मिळवायला दुसरी निमित्तं शोधावी लागली.

मधल्या काळातली कायद्याची धावाधाव थोडक्यात सांगते. जानेवारी २०१६ मध्ये केंद्राने अधिसूचना काढून शर्यतींना सूट दिली, आठवड्याभरात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर जल्लिकट्टूसाठी लाखो लोक जमले, तामिळनाडूने कायदा दुरुस्त केला, त्यापाठोपाठ महाराष्ट्रानेही केला. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती पुन्हा थांबवल्या. आणि मग सरकारने जे केलं ते वाचून मला आपले सर आठवले. बैल धावू शकतो की नाही हे तपासायला राज्याने पशुवैद्यक तज्ज्ञांची समिती नेमली! 'बैलाची धावण्याची क्षमता' या विषयावर रीतसर अहवाल तयार झाला आणि तो न्यायालयात मांडला गेला. सर, तुम्ही म्हणाला होता त्याप्रमाणे ते खरोखर बैलाला विचारून आले.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. शर्यत ही संस्कृती आहे की नाही हे ठरवणं विधिमंडळाचं काम, आणि नवीन नियमांमुळे जनावराचा त्रास पुष्कळ कमी होतो, असा त्या निकालाचा रोख आहे. नियम कडक आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाचं प्रमाणपत्र. काठी नाही, खिळा नाही, शेपटीला हात नाही. पाळतात का? काही ठिकाणी पाळतात. सगळीकडे पाळतात असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीऐवजी संक्रांतीला गावी आले आणि तीस वर्षांनी पट पाहिला. आपल्या वर्गातले चौघे सोबत होते. नावं देत नाही, कारण त्यांपैकी एकाने त्या दिवशी कार्यालयात आजारपणाची रजा टाकली होती. सगळ्यात मोठा बदल घड्याळात दिसला. पूर्वी पंच हातात स्टॉपवॉच घेऊन खुर्चीवर बसायचे आणि दर तिसऱ्या जोडीला भांडण व्हायचं. त्या भांडणांना अर्थ होता, हे मला इंजिनिअर झाल्यावर कळलं. डोळ्यांनी पाहून बोटाने बटण दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतो. सरांच्या उदाहरणातली जोडी सेकंदाला १० मीटर जाते, म्हणजे पंचाचं बोट हलेपर्यंत ती दोन मीटर पुढे गेलेली असते. निकाल मात्र पॉइंटवर, म्हणजे १० सेंटीमीटरच्या फरकावर लागायचा. जिंकली-हरली ती जोडी की पंचांचं बोट, हे सांगणं कठीण होतं. आता दोन्ही टोकांना सेन्सर आहेत, समोर मोठ्या अक्षरांत आकडे झळकतात, आणि लोक तरीही भांडतात. मला बरं वाटलं.

पशुवैद्यक मांडवात बसले होते. एका जोडीला त्यांनी परत पाठवलं, मालक बराच वेळ हुज्जत घालून गेला. धुरकऱ्याच्या हातात काठी नव्हती, तो नुसता ओरडत होता, आणि जोड्या धावत होत्या. पहिल्यांदाच मी बैलाचे पाय नीट पाहिले. डोळ्यांतली भीती मात्र होती तशीच होती, निदान मला तशी दिसली. शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मैत्रिणीला, जी स्वतः कास्तकारी करते आणि घरी चार ढोरं बांधून आहे, ती दिसली नाही. ती म्हणाली, "तू बैलाकडं नाई पाहून राह्यली, तू मामाकडं पाहून राह्यली." आमचं यावर अजून एकमत नाही. मेळाव्याला ती येणार आहे, वाद पुढे चालू राहील.

धावलेल्यांत कठाणी एकही नव्हता. दाणेच्या कडेला एका बंडीला एक जोडी मात्र बांधलेली दिसली. प्रेक्षकांना घेऊन आली होती. बुटकी, करडी, रवंथ करत उभी.

आणि सर, एक राहिलं. त्या दिवशी मी दाण पावलांनी मोजून पाहिली, कारण तीस वर्षं मनात शंका होती. तुमच्या उदाहरणातले ३०० फूट कुणी मोजले होते?